उसने नाव आणि उसनी विद्या



ताथवड्याच्या आसपास जमिनीचे पैसे हाती आलेला तरुण आज एक प्रश्न हटकून विचारतो. एखाद्या नामांकित कंपनीची फ्रँचायझी घेऊन दुकान थाटावे, की कोणाच्या तरी मालाचा परवाना घेऊन स्वतः तो माल काढावा? प्रश्न नवा वाटतो खरा. पण येथून जवळच, पवनेपलीकडे आकुर्डीस, त्याचे एक उत्तर साठ वर्षांपूर्वीच लिहिले जाऊ लागले होते. ते आज आपण वाचू.

आधी दोहोंतील भेद पाहू. फ्रँचायझीत पाटी दुसऱ्याची, कृती दुसऱ्याची, दर दुसऱ्याने ठरविलेला. नोकराने कोणता अंगरखा घालावा हेही बहुधा करारात लिहिलेले असते. आपण आरंभी एक रक्कम भरतो आणि पुढे विक्रीतील हिस्सा देत राहतो. परवान्यात आपण एक विद्या किंवा एक नाममुद्रा ठराविक मुदतीसाठी उसनी घेतो. तिचे मोल द्यावे लागते, अटीही पाळाव्या लागतात. पण कारखाना चालवावयाचा कसा, ही विवंचना आणि ही मोकळीक, दोन्ही आपली. पहिल्या व्यवहारात आपण दुसऱ्याच्या संसारात नांदावयास जातो. दुसऱ्यात आपल्या संसारासाठी शेजाऱ्याचे जाते मागून आणतो.

आता आकुर्डीची हकीकत. पुढे बजाज ऑटो या नावाने प्रसिद्धीस आलेली कंपनी १९४५ साली बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन म्हणून स्थापन झाली. १९४८ पासून ती परदेशी दुचाक्या आणि तीनचाक्या आणून विकू लागली. म्हणजे आरंभी माल दुसऱ्याचा आणि नावही दुसऱ्याचे. १९५९ साली तिला भारत सरकारचा उत्पादनाचा परवाना मिळाला. १९६० च्या सुमारास इटलीतील पियाज्जो कंपनीशी करार होऊन तिची व्हेस्पा स्कूटर येथे बनू लागली. नाव अजून परकेच होते. पण हात आपल्या माणसांचे लागले. पत्रा दाबणे, इंजिनाचे भाग कापणे, जुळणी, तपासणी ही कामे येथील कामगार शिकले आणि सुटे भाग पुरविणारे लहान कारखाने आसपास उभे राहिले.

१९७१ साली तो करार संपला. तत्कालीन सरकारी धोरणामुळे त्याचे नूतनीकरण झाले नाही. व्हेस्पा हे नाव गेले. परंतु कारखाना थांबला नाही. १९७२ साली राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव घेऊन ‘चेतक’ रस्त्यावर आली. उसने नाव परत गेले, शिकलेली विद्या मात्र येथेच राहिली.

याच्या उलट बाजूचे उदाहरण शीतपेयांच्या धंद्यात सापडते. १९७७ साली कोका-कोला भारतातून गेली. त्यानंतर पार्ले कंपनीचे थम्स अप देशभर पसरले, ते मुख्यतः फ्रँचायझी घेतलेल्या बाटलीवाल्यांच्या बळावर. १९९३ साली पार्लेने ती नावे परत आलेल्या कोका-कोलास विकली, आणि बाटलीवाल्यांचा धनी बदलला. पुढे गुजरात बॉटलिंग या कंपनीची मालकी पेप्सीकडे गेली, तेव्हा वाद न्यायालयात पोहोचला. करार जिवंत आहे तोवर बाटलीवाल्याने प्रतिस्पर्ध्याचे पेय हाताळू नये, ही अट सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ग्राह्य धरली. यंत्रे, इमारत आणि मजूर बाटलीवाल्याचे. पण गिऱ्हाईक ज्या नावाकडे पाहून येई, ते नाव त्याचे नव्हते.

यावरून फ्रँचायझी वाईट, असा निष्कर्ष आम्ही काढीत नाही. ज्यास धंद्याचा अनुभव नाही, त्यास ती हिशेब, शिस्त आणि स्वच्छता शिकविते; चालत्या नावामुळे पहिल्या दिवसापासून गिऱ्हाईकही येते. उलट परवाना घेतलेला प्रत्येक जण शहाणा होतोच असे नाही. चेतकच्या यशामागे बंदिस्त बाजारपेठेचा हात होता, हे विसरून चालणार नाही. स्कूटरसाठी लोकांनी वर्षानुवर्षे वाट पाहिली. बाजार खुला झाल्यावर आणि मोटारसायकली पुढे गेल्यावर, २००९ च्या अखेरीस कंपनीनेच स्कूटर थांबविण्याचे ठरविले. विद्याही शिळी होते. ती ताजी ठेवावी लागते. दरम्यान पियाज्जोही या देशात परतली आणि २०१२ पासून आपल्याच जिल्ह्यात, बारामतीस, स्वतः व्हेस्पा बनवू लागली. विद्या देणाराही आपले नाव कायमचे सोडीत नसतो.

तेव्हा करारावर सही करण्यापूर्वी किती मिळेल एवढेच विचारून भागणार नाही. ज्या दिवशी हा करार संपेल, त्या दिवशी आपल्या हाती काय उरेल, हेही विचारावे. केवळ भाड्याची जागा आणि उतरविलेली पाटी उरणार असेल, तर करार चालू असतानाच चार कसबे शिकून घ्यावीत, चार माणसे तयार करावीत.

आकुर्डीच्या हाती काय उरले, ते दिसतेच आहे. २०२२ साली तेथेच विजेवर चालणाऱ्या चेतकचा नवा कारखाना सुरू झाला. इंजिन गेले, पेट्रोल गेले; नाव राहिले, आणि या वेळी ते कोणाकडून उसने आणावे लागले नाही.