शोधणाऱ्याचे नाव

समुद्रघोड्याच्या एका जातीचे शास्त्रीय नाव हिप्पोकॅम्पस पोन्टोही असे आहे. हा प्राणी दोन सेंटिमीटरही भरत नाही. करंगळीच्या नखावर मावेल एवढाच. नावातला शेवटचा ‘ई’ लॅटिनमधल्या षष्ठीचा, म्हणजे ‘पोन्टोहचा समुद्रघोडा’. हा पोन्टोह कोणी प्राध्यापक नव्हता की संग्रहालयाचा अधिकारीही नव्हता. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटाच्या उत्तरेला बुनाकेन परिसरात पर्यटकांना पाण्याखाली नेणारा तो गाईड. त्याने हे जीव पाहिले, इतरांना दाखवले आणि २००८ साली सारा लाऊरी व रूडी कुइटर यांनी या जातीचे वर्णन प्रसिद्ध करताना तिला त्याचे नाव दिले.

मी प्राणिशास्त्राचा विद्यार्थी नाही. जुन्या नियतकालिकांतून शास्त्रीय नावांचा माग काढत बसणे हा माझा गेल्या काही वर्षांचा नाद. त्यात एक गोष्ट सारखी डोळ्यांत भरते. वनस्पती असो वा प्राणी, नाव बहुधा साहेबाचे, गव्हर्नराचे, फार तर संग्राहकाचे. प्रत्यक्ष दाखवणाऱ्याचे नाव क्वचित. मग समुद्रातल्या या इवल्या जीवांच्या बाबतीत उलटे कसे घडले? याचे उत्तर एका साधनाच्या इतिहासात आहे, असे मला वाटते. ते साधन म्हणजे पाण्याखाली अगदी जवळून छायाचित्र घेणारा कॅमेरा.

कॅमेऱ्यापूर्वीची अडचण रंगाची होती. कवच नसलेल्या समुद्री गोगलगायी पाण्यात असताना पैठणीच्या पदरासारख्या झळकतात. मद्यार्काच्या बरणीत टाकल्या की काही काळाने फिक्या, आकसलेल्या गोळ्या होऊन बसतात. म्हणून जिवंतपणीचे चित्र हवे. वॉल्टर एलियट हा मद्रास इलाख्यातला मुलकी अधिकारी. आपल्याला तो ठाऊक असायला हवा, कारण दक्षिण मराठा मुलखातल्या सस्तन प्राण्यांची त्याने केलेली यादी १८३९ साली छापली गेली. पुढे विशाखापट्टणमजवळच्या वॉल्टेअर किनाऱ्यावर त्याने या गोगलगायी गोळा केल्या. प्राण्यांची चित्रे तो हिंदी चित्रकारांकडून करून घेत असे. त्याच्या संग्रहावर जोशुआ ऑल्डर आणि अल्बनी हॅनकॉक यांनी १८६४ साली लंडनमध्ये प्रबंध छापला. एका जातीला एलियटचे नाव मिळाले. एका नव्या वंशाला तर ‘कलिंगा’ हे त्या किनाऱ्याचेच प्राचीन नाव मिळाले. चित्रकाराच्या वाट्याला मात्र एकही नाव आले नाही.

पाण्याखालच्या छायाचित्रणाची सुरुवात त्याच सुमाराची. १८५६ साली इंग्लंडमधल्या वेमथजवळ विल्यम थॉम्सनने पेटीत बंद केलेला कॅमेरा होडीतून समुद्रात सोडला. पेटीत पाणी शिरले, तरी अस्पष्ट का होईना, चित्र उमटले. १८९३ साली फ्रान्सच्या बान्यूल्स इथे लुई बुतां स्वतः पाणबुड्याचा पोशाख चढवून तळाशी उतरला. तेव्हा एका चित्राला कधीकधी अर्धा अर्धा तास लागे. एवढा वेळ कोणता जीव स्थिर बसणार? दगड, शेवाळ, उभा पाणबुड्या हेच विषय. बारक्या जिवांचे काम पुढे कितीतरी वर्षे काचेच्या टाकीत चालले. ज्यां पँलव्हेचा १९३४चा समुद्रघोड्यांवरचा प्रसिद्ध चित्रपटही बराचसा टाकीतच चित्रित झालेला आहे.

दोन गोष्टींनी चित्र पालटले. १९४३ साली कुस्तो आणि गान्यां यांनी श्वासागणिक हवा देणारे, पाठीवर वाहायचे उपकरण तयार केले. माणूस नळीच्या बंधनातून सुटला. १९६३ साली निकॉन कंपनीने निकोनॉस हा कॅमेरा बाजारात आणला. त्याची मूळ रचना बेल्जियन अभियंता ज्यां द वाउटर्स याची. या कॅमेऱ्याला वेगळी जलरोधक पेटी लागत नसे. लेन्समागे जोडनळी बसवली की अगदी जवळचे बारीक जीव टिपता येत. पण लेन्समधून प्रत्यक्ष काय दिसते ते छायाचित्रकाराला कळत नसे. म्हणून पुढे ठरावीक अंतरावर तारेची चौकट लावलेली असे. जीव त्या चौकटीत बसवायचा आणि बटण दाबायचे. बुजरा मासा चौकट पाहताच पसार. फिल्मवर छत्तीस चित्रे, आणि पाण्याखाली रीळ बदलायची सोय नाही.

जवळून टिपण्यामागे पाण्याचा गुणधर्मही होता. पाणी प्रकाशातला लाल रंग आधी शोषते. थोड्याच खोलीवर सारे निळे-करडे दिसू लागते. जीव आणि लेन्स यांमध्ये वीतभरच पाणी असेल आणि फ्लॅशचा उजेड जवळून पडला, तर जिवाचा खरा रंग परत येतो. एलियटचा चित्रकार किनाऱ्यावर बसून जे करत होता, ते आता समुद्राच्या तळाशीच होऊ लागले.

याचा परिणाम समुद्रघोड्यांच्या नावांतून वाचता येतो. १९६९ साली न्यू कॅलिडोनियातल्या नूमेआच्या मत्स्यालयासाठी जॉर्ज बार्गिबां पंख्यासारखे प्रवाळ गोळा करत होता. वर आणलेल्या प्रवाळाच्या फांद्या तपासताना त्याला तिच्यावर चिकटलेला इवला समुद्रघोडा सापडला. अंगावरच्या गाठी हुबेहूब प्रवाळाच्या कळ्यांसारख्या. समुद्रात तो दिसणे जवळजवळ अशक्य. १९७० साली त्याला बार्गिबांचे नाव मिळाले. यानंतर अडीच दशकांहून अधिक काळ अशा ठेंगण्या समुद्रघोड्यांत दुसऱ्या नव्या जातीची भर पडली नाही. मग २००३ साली डेनिस टॅकेट या छायाचित्रकार बाईंचे नाव एका जातीला मिळाले. २००८ साली पोन्टोहबरोबर सातोमी ओनिशी या गाईडबाईंचेही नाव आले. २०२० साली दक्षिण आफ्रिकेच्या सोडवाना उपसागरातली ‘नालू’ ही जातही अशीच एका डायव्हिंग प्रशिक्षिकेच्या नजरेतून शास्त्रापर्यंत पोहोचली. संग्राहकाच्या जाळ्याची जागा रोज पाण्यात उतरणाऱ्याच्या नजरेने घेतली, हे त्याचे कारण. छायाचित्र तज्ज्ञाच्या टेबलावर पडते, पण ते घ्यायला कुठे बघायचे हे गाईडलाच ठाऊक असते.

या नजरेला आता बाजारभाव आला आहे. सुलावेसीच्या लेम्बे सामुद्रधुनीत काळ्या ज्वालामुखीय वाळूवर असेच जीव शोधायला जगभरातून लोक येतात. इंडोनेशिया आणि फिलिपिन्स मिळून या पर्यटनाची उलाढाल वर्षाला पंधरा कोटी डॉलरांहून अधिक, असा अंदाज मार्टेन द ब्राऊवर व सहकाऱ्यांनी मांडला. याच ब्राऊवर यांच्या २०१९च्या अभ्यासात असे दिसले की फ्लॅशच्या उजेडापेक्षा जिवाला हात लावणे, काडीने सरकवणे हे कितीतरी अधिक जाचक असते. काडी बहुधा गाईडच्या हातात असते आणि चांगल्या चित्राचा आग्रह गिऱ्हाइकाचा. म्हणजे दाखवणाऱ्याचा मान आणि दाखवण्याचा दबाव एकाच हातावर येऊन पडतो.

हे सारे आपल्या किनाऱ्याला लागू आहे. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झाले. तारकर्लीला स्कूबाचे शासकीय प्रशिक्षण केंद्र आहे. पावसाळा सरला की मालवणच्या पाण्यात पर्यटक उतरतात आणि त्यांचा हात धरणारी पोरे पुष्कळदा किनाऱ्यावरच्या गावांतलीच असतात. कोणत्या खडकाच्या कपारीत काय बसते, हे ज्ञान त्यांच्याकडे आहे. समुद्रघोडा २००१ सालापासून आपल्याकडे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला पकडणे गुन्हा आहे. तेव्हा त्याची नोंद करायची तर ती प्रामुख्याने पाहून आणि टिपूनच करावी लागणार.

म्हणून छायाचित्रकारांना माझी एक साधी सूचना आहे. चित्राखाली तारीख, ठिकाण, खोली आणि तो जीव कशावर बसला होता हे लिहावे. त्याखाली, आपल्या नावाशेजारी, तो ज्याने दाखवला त्याचेही नाव लिहावे. वॉल्टेअरच्या चित्रकाराबाबत हे राहून गेले. ती चित्रे आजही उपयोगी आहेत, पण त्यांमागचा माणूस शोधायला आता वाट उरलेली नाही.