स्टेअरिंगवरील बटणे व घरगुती कार-संगणक

मोटारीच्या स्टेअरिंगवरील आवाज, गाणे व फोनची बटणे कंपनीच्या म्युझिक सिस्टीमऐवजी स्वतः जुळवलेल्या संगणकावर चालवण्याची जोडणी. असा संगणक बहुधा रास्पबेरी पाय (पहिली विक्री २०१२) या छोट्या बोर्डावर कोडीसारखी मुक्त प्रणाली टाकून तयार होतो. पडदा, स्पीकर, गाण्यांचा साठा हे सहज जमते. घोडे अडते ते बटणांपाशी. संध्याकाळी पुण्यातल्या कर्वे रस्त्याच्या गर्दीतून कर्वेनगरला परतताना पडद्यावर बोटे फिरवणाऱ्याला त्या बटणांची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

अनेक गाड्यांत सगळ्या बटणांना मिळून दोन-तीनच तारा असतात. प्रत्येक बटणामागे वेगळ्या मूल्याचा रेझिस्टर असतो आणि कोणते बटण दाबले हे त्या मूल्यावरून ओळखले जाते. संगणकाच्या बाजूने ५ व्होल्ट १ किलोओहमच्या रेझिस्टरमधून या तारेला दिले, तर ३३० ओहमचे बटण दाबताच तारेवर सुमारे १.२४ व्होल्ट उरतात आणि आर्डुइनो उनो या बोर्डाच्या ० ते १०२३ या मापनात २५४ च्या आसपास आकडा दिसतो. ६८० ओहमच्या बटणाला तो ४१४ येतो. काहीच दाबले नसेल तर १०२३. प्रत्यक्षात आकडा थोडा हलतो, जुन्या गाडीत संपर्क झिजल्यामुळे जास्तच. म्हणून प्रोग्राममध्ये नेमका आकडा न धरता २३० ते २८० असा पट्टा धरावा, आणि वाचन काही मिलिसेकंद स्थिर राहिल्यावरच बटण दाबले असे मानावे.

रास्पबेरी पायला असे व्होल्टेज थेट मोजता येत नाही आणि त्याच्या पिनांना ३.३ व्होल्टच्या वर चालत नाही. त्यासाठी एमसीपी३००८ ही मोजणारी चिप मध्ये घालता येते. त्याहून सोपा, आणि आमच्या मते जास्त टिकाऊ, मार्ग म्हणजे आर्डुइनो लिओनार्डो: हा बोर्ड यूएसबीला लावल्यावर संगणकाला कीबोर्ड म्हणून दिसतो, त्यामुळे ‘पुढचे गाणे’ ही साधी कळ होते. हे सारे सुटे भाग पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मिळतात.

नव्या गाड्यांत बटणांचा निरोप बहुतेकदा लिन किंवा कॅन या डिजिटल वाहिनीवरून जातो. कॅन बॉश कंपनीने १९८६ मध्ये जाहीर केली. ती वाचण्यासाठी एमसीपी२५१५ या चिपचे मॉड्यूल वापरतात. त्यात दोन गोष्टी हमखास नडतात. एक, बऱ्याच स्वस्त मॉड्यूलवर ८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असतो आणि प्रोग्राम १६ धरून चालतो. मग काहीच वाचता येत नाही. दुसरी, मॉड्यूलवरचा १२० ओहमचा जंपर: गाडीच्या वाहिनीला दोन्ही टोकांना असे रेझिस्टर आधीच असतात, तेव्हा तो काढावा. मॉड्यूल ‘फक्त ऐकणे’ या स्थितीतच ठेवावे. ब्रेक व इंजिनचे संदेश जाणाऱ्या वाहिनीवर हौशी प्रयोगाने काही पाठवणे हा शहाणपणा नव्हे.

वीजपुरवठा हा वेगळाच ताप. स्टार्टर फिरताना बॅटरीचे व्होल्टेज खाली येते आणि संगणक पुन्हा सुरू होतो. इंजिन बंद करताच वीज तुटली तर मेमरी कार्ड बिघडू शकते. चांगला १२ ते ५ व्होल्टचा कन्व्हर्टर आणि संगणक नीट बंद होईपर्यंत वीज धरून ठेवणारे सर्किट, दोन्ही लागतात.

जोडणी म्युझिक सिस्टीमच्या मागच्या सॉकेटपाशी करावी. तारा कापण्याऐवजी त्या गाडीच्या मॉडेलचा तयार कनेक्टर वापरावा. १ जुलै २०१९ पासून भारतात नव्या मोटारींना चालकाची एअरबॅग सक्तीची आहे आणि ती याच स्टेअरिंगमध्ये असते. तिचे कनेक्टर सहसा पिवळे असतात. त्यांना मल्टिमीटरही लावू नये. या कामासाठी स्टेअरिंग उघडण्याची गरज नाही. कोणी तसे सुचवले, तर दुसरा मेकॅनिक शोधावा.