वेल, काढा आणि यंत्र : आयाहुआस्काच्या मोजमापाचा इतिहास

आजचा प्रश्न ऐकायला साधा आहे. एखाद्या विधीत माणसं रात्रभर गातात, एक कडू काढा पितात, ओकतात, रडतात, डोळे मिटून काहीबाही बघतात. त्या विधीचा मेंदूवर काय परिणाम होतो, हे मोजायचं कसं?

हा काढा म्हणजे ॲमेझॉनच्या जंगलातला आयाहुआस्का. १८५२ साली रिचर्ड स्प्रूस नावाचा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ उआउपेस नदीकाठच्या एका उत्सवात गेला. तिथे या वेलीला 'कापी' म्हणत. स्वतः पिऊन बघायचं, असं तो ठरवूनच गेला होता. पण एक पेला, म्हणजे निम्मी मात्रा, पोटात जाते न जाते तोच यजमानाने त्याच्या हाती कसावाची दारू दिली, मग भलीमोठी चिरूट, मग ताडाची दारू. पाहुणचारात प्रयोग बुडाला! त्याने वेलीचे नमुने मात्र इंग्लंडला पाठवले. शंभराहून जास्त वर्षांनी, १९६०च्या दशकात, ते तपासले गेले, तेव्हा त्यातली रसायनं अजून शाबूत होती.

ही रसायनं करतात काय? काढ्यात बहुधा दोन वनस्पती असतात. एकीच्या पानांत डीएमटी असतं. ते नुसतं गिळलं तर काही होत नाही, कारण आतड्यातलं आणि यकृतातलं एक विकर त्याला मोडून टाकतं. दुसरी म्हणजे ही वेल. तिच्यातलं हार्मीन त्या विकराला अडवतं आणि डीएमटी मेंदूपर्यंत पोचतं. प्रयोगशाळेत हे १९८०च्या दशकात पडताळलं गेलं. जंगलातल्या लोकांना ही जोडी त्याआधी कितीतरी पिढ्या ठाऊक होती.

आता माणसाकडे वळू. १९६१ साली ब्राझीलच्या जोझे गाब्रिएल दा कोस्टा या रबर गोळा करणाऱ्या कामगाराने 'उनियाँ दो व्हेजेताल' हा पंथ स्थापन केला. त्यांच्या उपासनेत हाच काढा असतो. १९९३ साली मानाउस शहरात चार्ल्स ग्रोब, डेनिस मॅकेना आणि जेम्स कॅलवे यांच्या चमूने दहा वर्षांहून अधिक काळ काढा घेणारे १५ सदस्य आणि कधीच न घेतलेले १५ जण तपासले. मेंदूत थेट डोकावणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी रक्तातल्या प्लेटलेट्स घेतल्या. सेरोटोनिन शोषून घेणाऱ्या जागा सदस्यांमध्ये जास्त सापडल्या. सदस्यांपैकी कित्येक जण पूर्वी दारूच्या आहारी गेलेले होते आणि पंथात आल्यावर सुटले होते.

इथे जरा थांबा. सुटले कशामुळे? काढ्यामुळे, की दर पंधरवड्याला भेटणाऱ्या, नावानिशी ओळखणाऱ्या माणसांमुळे? १५ विरुद्ध १५च्या तुलनेतून हे कळत नाही.

म्हणून पुढच्या लोकांनी विधी बाजूला काढला. बार्सिलोनात जोर्दी रिबा यांनी काढा गोठवून सुकवला, त्याची पूड कॅप्सूलमध्ये भरली आणि १८ स्वयंसेवकांच्या डोक्याला ईईजीच्या तारा लावल्या. मेंदूच्या लहरींची ताकद काही पट्ट्यांत घटलेली दिसली. हा अभ्यास २००२चा. मग ब्राझीलमध्ये द्राउलियो दि आराउजो यांनी काढ्याची सवय असलेल्या माणसांना स्कॅनरमध्ये झोपवलं. आधी एक चित्र दाखवायचं, मग डोळे मिटून तेच आठवायला सांगायचं. काढ्यानंतर दृष्टीचा भाग जवळजवळ खरोखर बघतानाइतकाच जागा झालेला दिसला. पंथातले लोक डोळे मिटून 'बघितलं' म्हणतात, त्याला यंत्राची साक्ष मिळाली.

नाताल शहरात याच गटाने औषधांना दाद न देणारं नैराश्य असलेल्या २९ रुग्णांवर चाचणी केली. कुणाला खरा काढा, कुणाला खोटा. खोट्या काढ्यात झिंक सल्फेट घातलं होतं. का? तर तोही कडू लागावा आणि मळमळावं! सात दिवसांनी खरा काढा घेतलेल्यांत जास्त सुधारणा होती. पण खोटा घेतलेल्यांतही काहींना बरं वाटलं होतंच.

माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही आहे. मोजायचं तर काहीतरी वगळावं लागतं. मानाउसमध्ये मेंदू वगळला, बार्सिलोनात गाणं वगळलं, स्कॅनरमध्ये तर शेजारी बसणारा माणूसही वगळला. आकडे खरे आहेत, पण ते काढ्याचे आहेत. विधीचे आहेत, असं म्हणायची घाई करू नये.

आणि हे नुसतं तत्त्वज्ञान नाही. तेच विकर अडवणारी वेल आणि नैराश्यावरच्या काही नेहमीच्या गोळ्या एकत्र आल्या तर सेरोटोनिन धोकादायक पातळीला जाऊ शकतं. पंथाच्या उपासनेत कोण आलंय, कसा आहे, हे बघणारं कुणीतरी असतं. पुडीत भरून विकलेल्या काढ्याबरोबर ते माणूस येत नाही.

आता प्रश्न घेऊ.