कॅफिनविरहित कॉफी: कोणाच्या हिताची?

झोप उडाली, छातीत धडधडू लागले किंवा रक्तदाब वाढला की संशयाची सुई प्रथम कॉफीकडे वळते. कॉफीची तल्लफ तर सोडवत नाही, म्हणून अनेक जण 'डीकॅफ' अर्थात कॅफिनविरहित कॉफीचा पर्याय निवडतात. ही कॉफी नेहमीच्या कॉफीपेक्षा आरोग्यदायी असते, असा समज शहरांतून रूढ होत आहे. तो अर्धाच खरा आहे.

कॉफीतील कॅफिन हे द्रव्य जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रीडलिब रुंगे यांनी १८१९ मध्ये प्रथम वेगळे केले. महाकवी गटे यांनी त्यांना कॉफीच्या बिया देऊन त्यांचे पृथक्करण करण्यास सुचविले होते. मात्र कॅफिन काढलेली कॉफी बाजारात येण्यास विसावे शतक उजाडावे लागले. ब्रेमेन येथील व्यापारी लुडविग रोझेलिउस यांनी त्यासाठी १९०६ मध्ये कंपनी स्थापन केली. त्यांच्या पद्धतीत बेंझिन वापरले जाई. ते कर्करोगकारक असल्याने ही पद्धत पुढे मागे पडली.

कॅफिन कसे काढतात?

बिया भाजण्यापूर्वी, त्या हिरव्या असतानाच कॅफिन काढले जाते. त्यासाठी डायक्लोरोमिथेन किंवा इथाइल अॅसिटेट ही द्रावके, नुसते पाणी अथवा प्रचंड दाबाखालील कार्बन डायऑक्साइड वापरला जातो. यांपैकी डायक्लोरोमिथेनविषयी शंका घेतली जाते. हे द्रावक सुमारे ४० अंश सेल्सिअस तापमानालाच उकळते आणि बिया २०० अंशांच्या आसपास भाजल्या जातात. त्यामुळे त्याचा अत्यल्प अंशच शिल्लक राहतो. भाजलेल्या कॉफीत दहा लाख भागांमागे अमेरिकेत १०, तर युरोपीय संघात २ भाग अशी त्याची कमाल मर्यादा आहे. तरीही ज्यांना द्रावक नकोच असेल, त्यांनी वेष्टनावर 'वॉटर प्रोसेस' असा उल्लेख शोधावा.

'कॅफिनविरहित' या नावाचा अर्थ कॅफिन शून्य असा मात्र नव्हे. २४० मिलिलिटर साध्या कॉफीत सुमारे ९५ मिलिग्रॅम कॅफिन असते, तर तेवढ्याच डीकॅफमध्ये साधारण २ ते १५ मिलिग्रॅम उरते.

लाभ कोणाला?

मेंदूत अॅडिनोसिन हे द्रव्य साचत गेले की झोप येऊ लागते. कॅफिन या द्रव्याची वाट अडवते, म्हणून तरतरी वाटते. शरीरातील निम्मे कॅफिन बाहेर पडण्यास सरासरी पाच तास लागतात. म्हणजे सायंकाळी पाच वाजता घेतलेल्या १०० मिलिग्रॅमपैकी सुमारे ५० मिलिग्रॅम रात्री दहा वाजताही शरीरात असते. निद्रानाश, चिंतारोग किंवा कॉफीनंतर धडधड होण्याचा त्रास असलेल्यांना डीकॅफचा लाभ होतो तो यामुळेच. सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखी काही प्रतिजैविके कॅफिनचा निचरा मंदावतात. ती चालू असतानाही हा पर्याय सोयीचा ठरतो.

गर्भवतींसाठी हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. गरोदरपणाच्या उत्तरार्धात कॅफिनचा निचरा फारच मंदावतो आणि ते वारेतून गर्भापर्यंत पोहोचते. दिवसाला ३०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक कॅफिन घेणाऱ्या गर्भवतींनी ते कमी करावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये गर्भवतींसाठी २०० मिलिग्रॅमची मर्यादा सुचविली. निरोगी प्रौढांसाठी ती ४०० मिलिग्रॅम आहे.

फरक कोठे पडत नाही?

कॉफीतील क्लोरोजेनिक आम्लासारखी अँटिऑक्सिडंट द्रव्ये डीकॅफमध्येही बऱ्याच अंशी टिकतात. नियमित कॉफी पिणाऱ्यांमध्ये टाइप २ मधुमेहाचे प्रमाण कमी आढळते, आणि हा संबंध दोन्ही प्रकारच्या कॉफीत दिसला आहे. ही निरीक्षणे आहेत. कॉफीमुळेच मधुमेह टळतो, असे त्यातून सिद्ध होत नाही. उलट पार्किन्सन विकाराचे कमी प्रमाण प्रामुख्याने कॅफिनयुक्त कॉफी पिणाऱ्यांमध्येच आढळले आहे.

दोषांचेही तसेच आहे. डीकॅफनेही जठरातील आम्ल वाढू शकते. कॉफीतील पॉलिफेनॉल द्रव्ये अन्नातील लोहाचे शोषण रोखतात, ती डीकॅफमध्येही असतात. त्यामुळे रक्तक्षय असलेल्या स्त्रियांनी कोणतीही कॉफी जेवणाबरोबर घेऊ नये. कागदी गाळणीतून न गाळलेल्या कॉफीतील तेलकट द्रव्ये कोलेस्टेरॉल वाढवतात. कॅफिन काढल्याने तीही पूर्णपणे जात नाहीत. आणि कपात दोन चमचे साखर पडत असेल, तर कॉफी कोणती याला फारसा अर्थ उरत नाही.

चहाचा हिशेब

मराठी घरांत कॉफी एकदा आणि चहा तीन-चारदा होतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांनुसार १५० मिलिलिटर उकळून वा गाळून केलेल्या कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम, इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५ मिलिग्रॅम, तर चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असते. दिवसाची मर्यादा ३०० मिलिग्रॅम सांगितली असून जेवणाच्या आधी व नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळण्याचा सल्ला दिला आहे. तेव्हा सकाळची कॉफी डीकॅफ करून दिवसभर कडक चहा घेत राहिल्यास हाती फारसे काही लागत नाही.

कॅफिन एकदम बंद केल्यास पहिल्या एक-दोन दिवसांतच डोकेदुखी, मरगळ व चिडचिड जाणवू शकते. म्हणून आठवड्याला एकेक कप कमी करावा आणि सुरुवात सायंकाळच्या कपापासून करावी. ज्याला कॅफिन सोसत नाही किंवा वर्ज्य आहे, त्याला डीकॅफ निश्चितच हितकर आहे. ज्याला दोन-तीन कप कॉफी पिऊनही शांत झोप लागते, त्या निरोगी माणसाने केवळ आरोग्यासाठी कॉफी बदलण्याचे कारण नाही.