द्वीपयात्रा आणि दंडविधान

वसई तालुक्यातील तुळिंज हे गाव प्राचीन सोपारा बंदराच्या सान्निध्यात वसले आहे. समुद्रमार्गाने या किनाऱ्यावर माल, माणसे व धर्मविचार आले. परकीय दंडविधानही त्याच मार्गाने आले. 1860 ची भारतीय दंडसंहिता 1862 पासून अमलात आली. तिच्या 377 व्या कलमाने ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ अशा संदिग्ध शब्दांत समलिंगी संबंध दंडनीय ठरविले. इंग्रजी सत्तेखालील अनेक बेटांवरही अशीच कलमे रुजली.

समलिंगी प्रवाशांच्या सामुदायिक सागरी सहली अमेरिकेत सुरू झाल्या, तेव्हा त्यांना या वारशाशी सामना करावा लागला. 1998 च्या आरंभी येऊ घातलेल्या, सुमारे 900 प्रवाशांच्या अशा एका जहाजास केमन बेटांच्या शासनाने प्रवेश नाकारला. पुढे 2000 च्या अखेरीस ब्रिटनने केमनसह आपल्या पाच कॅरिबियन प्रदेशांतील हे निर्बंध आदेशाद्वारे रद्द केले.

हिंदी महासागरात सेशेल्सने 2016 मध्ये असा कायदा रद्द केला. मराठी भाषकांची जुनी वस्ती असलेल्या मॉरिशसमध्ये 2023 साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरविला. मालदीवमध्ये मात्र असे संबंध आजही दंडनीय आहेत. म्हणजे एकाच सहलीतील तोच प्रवासी एका बेटावर निर्दोष, तर दुसऱ्या बेटावर अपराधी ठरतो. तुळिंजच्या समलिंगी रहिवाशास तर 6 सप्टेंबर 2018 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयापर्यंत ही भीती अनुभवण्यासाठी घराचा उंबरठाही ओलांडावा लागत नव्हता.