खोट्या नाण्याची साक्ष



माणसाची पारख सांगणारे कितीतरी शब्द मराठीने सराफकट्ट्यावरून उचलले आहेत. खणखणीत, हिणकस, कसाला उतरलेला ही मुळात नाण्याची आणि धातूची वर्णने होत. पोतदार हे आडनावही खजिन्यातील नाणे पारखणाऱ्या अधिकाऱ्याचे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नाणी तपासणारा 'रूपदर्शक' आहे, तसा खोटी नाणी पाडणारा 'कूटरूपकारक'ही आहे.

खोट्या नाण्यांचे दोन वर्ग संग्राहकाने वेगळे ओळखावेत. व्यवहारात फसवण्यासाठी त्याच काळी पाडलेले नाणे खोटे असूनही इतिहासाचे साधन ठरते. त्या काळी कोणत्या चलनाला मोल होते, हे ते सांगते. आज संग्राहकाला फसवण्यासाठी घडवलेले नाणे मात्र इतिहासच बिघडवते.

१६७४ च्या राज्याभिषेकाशी निगडित असलेला शिवराई होन घ्या. एका बाजूस 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूस 'छत्रपति'. हे सोन्याचे नाणे दुर्मिळ, म्हणूनच नकलांचा सुळसुळाट. होनाचे वजन सुमारे पावणेतीन ग्रॅम. सोन्याची घनता १९.३, तर तांब्याची नऊहूनही किंचित कमी. त्यामुळे मुलामा दिलेला तांब्याचा तुकडा आकाराने बरोबर असला, तर वजनात निम्म्याहून कमी भरतो; वजन साधले, तर दुपटीहून जाड होतो. तराजू खोटे बोलत नाही.

तांब्याच्या शिवराईची परीक्षा निराळी. तिचे वजन पुढील काळात बदलत गेले आणि अक्षरवाटिकाही एकसारखी नाही. 'शिव' कुठे 'सिव'ही दिसतो. केवळ अशुद्ध लेखनावरून नाणे खोटे ठरवू नये. ठसा हाताने ठोकलेला, त्यामुळे तो बहुधा एका अंगाला सरकतो, अक्षरे कडेला तुटतात. संपूर्ण लेख आणि बिंदूंचे वर्तुळ नेमके मध्यभागी दिसले, की उलट अधिक सावध व्हावे. ओतीव नकलेची अक्षरे बोथट असतात, पृष्ठावर हवेची बारीक छिद्रे आणि कडेला सांध्याची रेघ किंवा ती लपवणाऱ्या कानशीच्या खुणा आढळतात. दोन नाण्यांवर तोच ओरखडा त्याच जागी असेल, तर दोन्ही एका साच्यातली समजावीत.

एवढे करूनही नाणे कुठे, कशासोबत सापडले, ही नोंद नसेल तर त्याची साक्ष अपुरीच राहते. खोट्या नाण्याने संग्राहकाचे पैसे जातात, ही हानी लहान. त्यावरून एखाद्या राज्याचा विस्तार वा टांकसाळीचे ठिकाण ठरवले गेले, तर ती चूक पुढच्या पिढ्यांच्या पुस्तकांत उतरते. म्हणून तरुण अभ्यासकांनी पुरावा वाजवून घेण्याची सवय लावावी. मग तो धातूचा असो वा कागदाचा, आणि आपल्या आवडीचा असेल तर अधिकच.