हिरकणी सगळ्यांना माहीत आहे, धाराऊचं काय?

मधले सहा महिने एकही भाग आला नाही, त्याबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं. कारण आत्ता शेजारच्या पाळण्यात झोपलंय. हा भाग ऐकला असेल तर माझा आवाज इतका खाली का आहे, तेही कळलं असेल. नेहमीचा खुलासा आधीच करते: मी इतिहासाची विद्यार्थिनी नाही, बी.टेक. करून दिवसभर कोड लिहिणारी बाई आहे. चुकलं तर कान धरा.

लेकीच्या बारशाची गोष्ट. स्वयंपाकघरात ओट्यावर पावडरच्या दुधाचा डबा होता. माझ्या एका चुलत सासूबाईंनी तो उचलला, फिरवून पाहिला आणि म्हणाल्या, "अगं, हिरकणी लेकराला पाजायला कडा उतरली रात्रीची. आणि तुम्ही आजकालच्या मुली..." पुढचं त्या बोलल्याच नाहीत. मी तेव्हा दिवसातून आठ वेळा पंप लावत होते. अळिवाचे लाडू झाले, शतावरी झाली, आईने खसखशीची खीर केली. एका वेळी जेमतेम २० मिली निघायचं. त्या दिवशी बायकांनी ओटी भरली, पाळणा म्हटला, आणि मी मनात एकच हिशोब करत बसले होते, की आपण आई झालोय की नुसत्याच बाळंत झालोय.

रात्री झोप नव्हतीच. म्हटलं, चला, हिरकणीकडेच बघू.

गोष्ट तुम्हाला पाठ आहे. रायगडावर दूध घालायला जाणारी गवळण. कोजागिरीचा दिवस, गडावर उशीर झाला, तोफ झाली, दरवाजे बंद. खाली घरी तान्हं बाळ. पहारेकरी ऐकेनात, म्हणून ती अंधारात कडा उतरून गेली. महाराजांनी तिचा सत्कार केला आणि तिथे बुरूज बांधला. ही लोककथा आहे, बुरूज मात्र खरा आहे. २०१९ मध्ये तिच्यावर सिनेमा आला, एसटी स्टँडवरच्या स्तनपानाच्या खोलीला आपण हिरकणी कक्ष म्हणतो.

पण गोष्टीत ती गडावर का गेली होती? दूध विकायला. म्हणजे कामावर गेली होती. उशीर झाला तो कामामुळे, आणि अडवलं तिला दरवाजाच्या वेळेने. आपण साडेतीनशे वर्षं तिच्या कड्याचं कौतुक करतोय, दरवाजाबद्दल कोणी काही बोलत नाही. माझी रजा संपली तेव्हा ऑफिसमध्ये पंप लावायला मला स्टेशनरीची खोली मिळाली. तिला आतून कडी नव्हती. मी पाठ दाराला लावून बसायचे आणि बाहेर कोणीतरी प्रिंटरचा कागद शोधत असायचं. तेव्हा मला हिरकणी जरा वेगळी दिसायला लागली.

असो. माझ्या डोक्यात घर केलं ते मात्र दुसऱ्याच बाईने.

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना हायवेवर कापूरहोळ लागतं. बरेच जण तिथे वळून प्रति बालाजीला जातात. धाराऊ त्या गावची, गाडे घराण्यातली. १४ मे १६५७ ला पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला. सईबाईंची तब्येत बाळंतपणानंतर ढासळलेली, अंगावर दूध पुरेसं नव्हतं. म्हणून धाराऊला बोलावलं गेलं आणि ती शंभूराजांची दूधआई झाली. ५ सप्टेंबर १६५९ ला राजगडावर सईबाई गेल्या तेव्हा राजे जेमतेम सव्वादोन वर्षांचे होते. धाराऊच्या मुलांची, अंतोजी आणि रायाजीची नावं पुढे राजांचे दूधभाऊ म्हणून घेतली जातात.

आता हे दोन्ही शेजारी ठेवून बघा. जिच्या गोष्टीने आम्हा बाळंतिणींना लाजवलं जातं ती हिरकणी, आणि ज्या राजाच्या राज्यात ती गोष्ट घडली त्याच राजाच्या घरात पहिल्या मुलाला दुसऱ्या बाईने पाजलेलं. सईबाई आई म्हणून कमी पडल्या असं कोणी म्हटल्याचं मी तरी आजवर ऐकलं नाही. उलट आपल्या भाषेत त्या दुसऱ्या बाईसाठी शब्द आहे, दूधआई. तिच्या पोरांसाठीही आहे, दूधभाऊ. अंगावर दूध नसणं इतकं नेहमीचं असल्याशिवाय नाती आणि त्यांची नावं तयार होत नाहीत, असं मला वाटतं.

धाराऊची गोष्ट गोड करून सांगायचीही माझी तयारी नाही. गडावरून बोलावणं आलं तेव्हा नाही म्हणायची सोय होती का? जिला पान्हा आहे तिच्या मांडीवर स्वतःचं लेकरू असणारच. त्याच्या वाटणीचं किती राहिलं? मालिकेत आपण धाराऊ पाहिली ती राजांच्या पाळण्याशी. तिच्या स्वतःच्या घरचा पाळणा कोणी दाखवला नाही.

आणि जिला ना दूधआई परवडत होती ना घरी बसणं, तिचं काय व्हायचं ते बघायला मुंबईच्या गिरणगावात यावं लागतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरणीत कामाला जाणाऱ्या बायका तान्ह्या पोरांना अफूची गोळी देऊन जायच्या. पोर दिवसभर गुंगीत, भुकेचं रडणं नाही. त्या काळच्या सरकारी अहवालांत हे नोंदवलेलं आहे. या आया वाईट होत्या का? त्यांना भोंग्याला गिरणीत हजर राहायचं होतं, इतकंच. रायगडाचा दरवाजा परळला आला होता. १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला डॉ. आंबेडकरांनी पाठिंबा दिला; बाळंतिणीला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, अशी त्यांची मांडणी होती. १९२९ मध्ये कायदा झाला, दिवसाला आठ आणे. पुढे १९६१ च्या कायद्याने मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजायची सुट्टी दिली. सुट्टी म्हणजे किती? खाणी आणि सर्कशीसाठी जे नियम झाले त्यांत १५ मिनिटं. वीस मिलीला मला अर्धा तास लागायचा.

एक गोष्ट राहिली. माझी लेक आठव्या महिन्यात झाली. पहिले नऊ दिवस ती काचेच्या पेटीत होती आणि मला एक थेंबही दूध नव्हतं. त्या दिवसांत तिला दूध दिलं ते मिल्क बँकेतलं. आशियातली पहिली मिल्क बँक १९८९ मध्ये मुंबईतच, सायन हॉस्पिटलमध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. ज्यांना जास्त पान्हा आहे अशा आया दूध देतात, ते साडेबासष्ट अंशांवर अर्धा तास तापवून गोठवतात आणि कमी दिवसांच्या बाळांना देतात. नर्सने माझ्यापुढे संमतीचा फॉर्म ठेवला, मी सही केली. कोणाचं दूध, हे त्यावर कुठेच नव्हतं. तेव्हा विचारायचं सुचलंही नाही.

बारशाला एवढ्या बायका बोलावल्या होत्या. तिला बोलवायला हवं होतं.

तुमच्या घरात कोणी कोणाची दूधआई असेल तर आजीला विचारून नक्की कळवा. काकीने पुतण्याला पाजलं, शेजारणीने पाजलं, अशा गोष्टी आज्यांकडे असतात, फक्त आपण विचारत नाही. माझ्या आजीला मी परवा फोन केला. ती म्हणाली, तुझ्या बाबांना थोरल्या जाऊबाईंनी पाजलंय, तुला माहीत नव्हतं?